धानाच्या बांधीतलं नत्र : येतं कुठून, जातं कुठे?

मागच्या व्याख्यानात आपण मातीचे कण, मातीतली हवा आणि पाणी यांच्याविषयी बोललो होतो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "हे सगळं ठीक आहे, पण आम्ही बांधीत युरिया टाकतो, त्यातला किती धानाला मिळतो?" वेळ संपली होती, म्हणून त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आपण भंडारा जिल्ह्याचं उदाहरण घेऊन बोलणार आहोत. वैनगंगेचं खोरं, माजी मालगुजारी तलाव आणि त्यांच्याखाली पसरलेल्या धानाच्या बांध्या. कुठे काळी कन्हार, कुठे मोरांड, कुठे हलकी सिहार, कुठे खडकाळ बरडी. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचे धुरे घालून केलेला शेताचा तुकडा. पावसाचं पाणी त्यात साचून राहतं आणि धान त्या पाण्यात उभं राहतं. ही साचलेल्या पाण्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. गव्हाच्या किंवा कापसाच्या शेतात नत्राचं जे होतं, ते बांधीत होत नाही. त्याचं कारण हे पाणी.

आधी थोडा हिशेब करू. युरियाची एक बॅग ४५ किलोची असते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका बॅगेत जेमतेम २१ किलो. धानाला हेक्टरी साधारण १०० किलो नत्र द्यावं अशी शिफारस असते. एकरी हिशेब केला तर दोन बॅगा, म्हणजे ४१ किलोच्या आसपास. आता दुसरी बाजू बघू. एक टन धान पिकवायला पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलतं. एकरी १६ क्विंटल धान झालं, तर पिकाने २४ ते ३२ किलो नत्र घेतलं. म्हणजे दिलं ४१ आणि लागलं ३२. तुम्ही म्हणाल, जमलं की!

जमलेलं नाही. साचलेल्या पाण्यात वरून फेकलेल्या युरियापैकी साधारण तिसरा हिस्सा पिकाच्या अंगी लागतो. ४१ चा तिसरा हिस्सा म्हणजे १४ किलो. मग उरलेलं १० ते १८ किलो नत्र धानाने आणलं कुठून? आणि आपण टाकलेल्यातलं उरलेलं २७ किलो गेलं कुठे? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे : मातीतले जिवाणू. देणारेही तेच आणि उधळणारेही बहुतांशी तेच.

हवेत ढीगभर, पिकाला कणभर नाही

आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात ३०,००० टनांहून अधिक नायट्रोजन भरतो. आणि त्याच एकरातलं धान नत्रावाचून पिवळं पडतं. असं का? कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात. ती पकड सोडवण्याची ताकद कोणत्याही झाडात नाही, प्राण्यात नाही. माणसाला ते विसाव्या शतकात जमलं. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला. त्यासाठी शेकडो अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. आजचा युरिया त्याच वाटेने येतो.

मोजक्या जिवाणूंना मात्र हे काम साध्या तापमानात, चिखलात बसून जमतं. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एक विकर आहे, लोह आणि मॉलिब्डेनम असलेलं. काम तिथेही महागच आहे. नायट्रोजनच्या एका रेणूसाठी जिवाणूला ऊर्जेची निदान सोळा नाणी मोजावी लागतात. जीवशास्त्रात या नाण्याला एटीपी म्हणतात. शिवाय ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होतं. म्हणजे नत्र बांधणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात : भरपूर अन्न आणि ऑक्सिजनपासून आडोसा. या दोन गोष्टी कोण कशा मिळवतो, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मातीची जुनी शिल्लक

पण नवीन नत्र बांधण्याआधी मातीत जुनी शिल्लक असते, तिच्याकडे बघू. मातीतला पालापाचोळा, मुळं, शेणखत, मेलेले किडे यांच्यात नत्र असतं. मातीत ०.०५ टक्के नत्र आहे असं धरलं, तरी एका एकराच्या वरच्या वीतभर थरात साडेचारशे किलो नत्र भरतं. युरियाच्या वीस-बावीस बॅगा! पण ही शिल्लक मुदत ठेवीसारखी आहे. जिवाणू ते सेंद्रिय पदार्थ कुजवतात, स्वतःचं पोट भरतात आणि उरलेलं नत्र अमोनियमच्या रूपात मातीत सोडतात. वर्षाला दोन-तीन टक्के, म्हणजे नऊ ते तेरा किलो. खत घातलेल्या धानातही निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त नत्र युरियाचं नसतं, मातीचं असतं. ज्या जमिनीत शेणखत पडतं, तलावाचा गाळ पडतो, तिथे हे व्याज जास्त मिळतं. ज्या जमिनीत वर्षानुवर्षं फक्त युरिया पडतो आणि तणीस बाहेर जाते किंवा जाळली जाते, तिथे मुद्दलच घटत जातं.

अमोनियम, नायट्रेट आणि पुन्हा हवा

आता अमोनियम झालं. हा कण धन विद्युतभाराचा असतो, मातीचे चिकण कण ऋण भाराचे. त्यामुळे अमोनियम मातीला धरून राहतं. हे आपल्या फायद्याचं आहे. पण मातीत काही जिवाणू असे आहेत की त्यांचं पोटच अमोनियमवर चालतं. एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. पुढे सव्वाशे वर्षं आपण समजत होतो की या दोन पायऱ्या दोन वेगळे गटच करतात. २०१५ मध्ये कळलं की नायट्रोस्पायरा या कुळातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात. म्हणजे मातीची ओळख अजून पूर्ण झालेली नाही.

या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. आणि नायट्रेट हा कण ऋण भाराचा असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे तो जातो.

आता बांधीत उतरू. चिखलणी झाली, पाणी भरलं, रोवणी झाली. पाण्याखालच्या चिखलात हवा जाऊ शकत नाही. जो थोडा ऑक्सिजन होता तो जिवाणूंनी एक-दोन दिवसांत संपवला. फक्त अगदी वरचा थर, काही मिलिमीटर, फार तर एक सेंटिमीटर, पाण्यातून उतरणाऱ्या ऑक्सिजनवर जिवंत राहतो. तुम्ही बांधीतला चिखल हातात घेऊन पाहिला असेल, वरचा पापुद्रा तपकिरी असतो आणि खालचा चिखल काळपट-निळसर. तो तपकिरी रंग म्हणजे ऑक्सिजन असल्याची खूण, गंजलेल्या लोखंडाचा रंग.

या दोन थरांच्या मध्ये आपला युरिया लुटला जातो. कसं ते बघा. वरून फेकलेला युरिया मातीतल्या युरिएज या विकरामुळे काही दिवसांत अमोनियम होतो. तपकिरी थरात ऑक्सिजन आहे, तिथे त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट पाण्याबरोबर खाली निळ्या थरात उतरतं. तिथे ऑक्सिजन नाही, आणि तिथे वेगळेच जिवाणू बसलेले आहेत. श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांतून हवेत सोडून देतात. कारखान्यात एवढी आग जाळून हवेतून आणलेला नायट्रोजन पुन्हा हवेत! जपानी शास्त्रज्ञ शिओइरी यांनी भातखाचरातली ही गळती ओळखली आणि खत वर न टाकता चिखलात खोल द्यावं असं सांगितलं.

यातला थोडा नायट्रोजन पूर्ण वायू होण्याआधीच नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटतो. तापमानवाढीच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जड पडतो.

दुसरी गळती पाण्याच्या वरच्या बाजूने होते. रोवणीनंतर बांधीत ऊन पोहोचतं आणि शेवाळ वाढतं. दुपारी हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू चढतो, कधी ९ च्याही वर जातो. अशा पाण्यात अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि उडून जातो. रोवणी होऊन चार दिवस झालेत, बांधीत पाणी आहे, ऊन पडलंय आणि आपण युरिया फेकतोय, तर त्यातला बराचसा असा जातो. तिसरी गळती तर डोळ्यांना दिसणारी आहे. आपल्याकडे पाणी या बांधीतून त्या बांधीत जातं. युरिया टाकला आणि रात्री पाऊस आला, की आपलं खत खालच्या शेजाऱ्याच्या शेतात.

मग भर कोण घालतं?

एवढी गळती असून पूर्वी, युरिया नव्हता तेव्हा, याच बांध्यांनी शेकडो वर्षं धान दिलं. फार नाही, पण दरवर्षी दिलं. म्हणजे कुठूनतरी भर पडत होती. १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवलं की भाताच्या शेतातलं नील-हरित शेवाळ हवेतलं नत्र बांधतं. शेवाळ म्हणतो, पण हे खरं तर सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. धाग्यासारख्या माळेत मधेमधे जाड भिंतीची एखादी पेशी असते, तिच्यात ऑक्सिजन शिरत नाही, आणि नायट्रोजिनेज तिथे सुरक्षित राहतं. अझोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पानातही असेच जिवाणू राहतात. शिवाय धानाच्या मुळांभोवती अझोस्पिरिलमसारखे जिवाणू, चिखलात क्लॉस्ट्रिडियम. या सगळ्यांची मिळून हेक्टरी ३० किलोच्या आसपास भर एका हंगामात पडू शकते. एकरी बारा किलो. आता आपला सुरुवातीचा हिशेब आठवा : मातीच्या शिलकीतून नऊ-दहा, जिवाणूंच्या भरीतून दहा-बारा. धानाने वरचं नत्र कुठून आणलं, ते कळलं.

एक गंमत अशी की बांधीत अमोनियम भरपूर असलं की हे जिवाणू काम थांबवतात. फुकट मिळतंय तर सोळा नाणी कोण मोजेल? आपणही नसती मोजली. म्हणजे युरियाची मात्रा जितकी वाढवाल, तितकं हे फुकटचं खत कमी होतं.

लाखोळीची गोष्ट

भंडाऱ्यात या भरीचा आणखी एक हिस्सा होता, आणि आज आम्हाला मुख्य बोलायचंय ते त्याबद्दल. धान कापायला आठ-पंधरा दिवस असताना, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी फेकायची. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापलं की खाली हिरवं पीक तयार. धुऱ्यावर तूर, बांधीत लाखोळी, कुठे हरभरा, जवस. याला कुणी मुद्दाम नत्राचं नियोजन म्हणत नव्हतं, पण होतं ते तेच.

द्विदल पिकांच्या गाठींचं कोडं हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात सोडवलं, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने त्या गाठींतला जिवाणू वेगळा केला. तोच रायझोबियम. लाखोळीचं मूळ मातीत एक रासायनिक हाक देतं, जिवाणू प्रतिसाद देतो, मूळ त्याला आत घेतं आणि त्याच्यासाठी गाठ बांधतं. झाड जिवाणूला साखर देतं, जिवाणू झाडाला नत्र. आणि ऑक्सिजनचा आडोसा? गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला एक लाल पदार्थ असतो, तो ऑक्सिजन मोजून-मापून सोडतो.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. जानेवारीत लाखोळीचं झाड उपटू नका, गाठी मातीत राहतील. कुदळीने मातीसकट काढा, पाण्यात हलकं धुवा. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आम्ही इथे अतिशयोक्ती करणार नाही. दाणा घरी गेला, काड बैलांनी खाल्लं, तर बरंचसं नत्र शेताबाहेर गेलं. मागे राहतात मुळं, गाठी आणि गळलेली पानं. तरी दोन फायदे उरतात. लाखोळीने स्वतःचं नत्र बरंचसं हवेतून घेतलं, मातीतून कमी ओढलं. आणि धानानंतर वाळणाऱ्या बांधीत जे नायट्रेट तयार होतं, ते या पिकाने पकडून ठेवलं. नाहीतर मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ते वाहून किंवा उडून गेलं असतं.

लाखोळी मागे का पडली? एक कारण तुम्हाला माहीत आहे. तिच्यात ओडाप नावाचा घटक असतो. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखच खाल्ली तर पायांतली ताकद जाऊ शकते. त्यावरून १९६१ पासून अनेक राज्यांत विक्रीवर बंदी होती. महाराष्ट्राने ती पुढे उठवली. आता रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडापचे वाण आहेत. दुसरं कारण उन्हाळी धान. पाण्याची सोय झाली तिथे धानावर धान आलं. त्यात शेतकऱ्याची चूक नाही, धानाला हमीभाव आहे, बोनसची आशा आहे, लाखोळीला काय आहे? तिसरं, हार्वेस्टर. खालच्या कोवळ्या पिकावरून यंत्र फिरलं की लाखोळी राहत नाही. या प्रत्येक निर्णयात हिशेब बरोबर आहे. पण त्या हिशेबात जिवाणूंची मजुरी कुणी धरली नव्हती. ती आता युरियाच्या बॅगेतून मोजावी लागते, ऑगस्टमध्ये रांगेत उभं राहून.

करता येण्यासारखं काय?

थोडक्यात सांगतो.

युरिया एकदम न देता तीन वेळा द्या : रोवणीच्या वेळी, फुटवे येताना, आणि लोंबी पोटात धरताना. टाकण्याआधी जमेल तिथे पाणी काढा, ओल्या चिखलात टाका, धुऱ्याचं तोंड बंद करा, एक-दोन दिवसांनी पाणी भरा. रोवणीच्या वेळचं खत शेवटच्या चिखलणीत मिसळा.

खत खोल गेलं तर सगळ्यात चांगलं. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत चार रोपांच्या चौकोनात युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबतात. का, ते तुम्ही आता सांगू शकाल : तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून नायट्रेट होत नाही, म्हणून उडत नाही. अमोनियम चिखलाला धरून बसतं आणि मुळं येऊन घेतात. मेहनत आहे, मजूर लागतो, रोवणी ओळीत हवी. हे लपवण्यासारखं नाही. निमवेष्टित युरियाचं तत्त्वही हेच आहे. निंबोळीतले घटक नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंद करतात. २०१५ पासून देशातला युरिया असाच येतो.

मे महिन्यात तलावाचा गाळ, धुऱ्यावर गिरिपुष्प, पाणी असेल तर रोवणीआधी धैंचा. या सगळ्यांनी मुद्दल वाढतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*युरिया पूर्ण बंद केला तर चालेल का?*

हिशेब करून बघा. माती आणि जिवाणू मिळून एकरी वीस किलोच्या आसपास देतील, आणि तेही सगळं धानापर्यंत पोहोचणार नाही. सोळा क्विंटलला चोवीस ते बत्तीस किलो लागतात. एकदम बंद केलात तर उत्पन्न घटेल. पण गळती थांबवली आणि शेणखत-गाळ-लाखोळी परत आणली, तर बॅग कमी करता येते. आधी एका बांधीत करा. शेजारच्या बांधीशी तुलना करा. मग ठरवा.

*जिवाणू खताच्या पाकिटाचा उपयोग होतो का?*

द्विदल पिकाला होतो, विशेषतः जे पीक त्या शेतात पहिल्यांदाच घेताय त्याला. पण जोडी बरोबर हवी. लाखोळी, मसूर, वाटाणा यांचा जिवाणू एक. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा. धानाला अझोस्पिरिलमचा फायदा होतो, पण तो लहान असतो आणि दर शेतात सारखा दिसत नाही. पाकिटात जिवंत जीव आहेत हे विसरू नका. मुदत बघा, उन्हात ठेवू नका, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी.

*तणीस मातीत गाडली, तर धान पिवळं पडलं. असं का?*

फार चांगला प्रश्न. तणशीत कार्बन भरपूर, नत्र फार कमी. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं. तणशीत मिळालं नाही, की ते मातीतलं उचलतात, म्हणजे धानाच्या ताटातलं. ते नत्र हरवत नाही, जिवाणू मेले की परत येतं, पण तोवर पीक उपाशी राहतं. म्हणून तणीस आधी शेणाबरोबर कुजवून घ्या किंवा रोवणीच्या बरीच आधी गाडा.

तर मागच्या वेळच्या त्या प्रश्नाचं उत्तर : वरून टाकलेल्या युरियातला तिसरा हिस्सा धानाला मिळतो, थोडा मातीत राहतो, बाकीचा जातो. तो दोष युरियाचा नाही आणि जिवाणूंचाही नाही. ते जिथे ऑक्सिजन आहे तिथे एक काम करतात, जिथे नाही तिथे दुसरं. कुठे काय टाकायचं, एवढंच आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी आपण स्फुरदाबद्दल बोलू. येताना आपल्या शेतातली एक गाठ फोडून पाहून या, आणि रंग कोणता निघाला ते सांगा.